टायगरची बैठक

त्या वर्षी आमच्या घरात गुडघ्याचे तीन रुग्ण होते आणि त्यांतला एकच खरं बोलत होता. तो कुत्रा होता.

बाकीचे दोन म्हणजे माझे सासरे आणि मी. सासऱ्यांचा गुडघा दुखत नव्हता, तरी ते दुखतो म्हणत. माझा दुखत होता, तरी मी दुखत नाही म्हणत असे. टायगरला असलं राजकारण जमत नाही. त्याचा मागचा उजवा पाय दुखत होता, म्हणून तो लंगडत होता.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. (पेणला प्रत्येक घरात कारखाना असतो असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. काही घरांत नुसते रंगारी असतात.) डोळ्यांची आखणी माझा नवरा दिनकर करतो. बाकी सगळं माझ्याकडे: साचे, माणसं, पॅकिंग, गिऱ्हाइकांची तक्रार आणि दुरुस्ती. दुरुस्तीत माझा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही. मोडलेली सोंड, निखळलेला हात, गुडघ्यातून गेलेला पाय, काहीही आणा. काथ्या, प्लास्टर आणि अर्धा तास. सांधा कुठे जोडलाय हे नंतर दिनकरलाही दाखवता येत नाही. हा माझा गर्व वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे लागेल.

टायगर रोह्याच्या एका कंपनीतल्या साहेबांचा. त्यांची बदली झाली आणि कुत्रा नावासकट आमच्याकडे आला. लॅब्रॅडॉर, रंगानं पिवळट पांढरा, वजनानं तांदळाच्या कट्ट्याला जवळचा, आणि पालीला घाबरणारा. कारखान्यात दहा माणसं जेवायला बसत आणि दहाही जण त्याला आपापल्या डब्यातलं देत. प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच देतो.

तो खरा आबांचा. आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, दोन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन खुर्चीत बसले. माझं ऐकलं नाही, लेकाचं ऐकलं नाही. मग टायगर आला. सकाळी सहाला तो त्यांचं धोतर धरून ओढायचा आणि दोघं भोगावती नदीच्या घाटापर्यंत जाऊन यायचे. आबा कुत्र्याला फिरवतात असं आळीला वाटे. कोण कुणाला फिरवतं हे मला माहीत होतं.

तर आषाढात टायगर लंगडायला लागला. मी पाय उचलून बघितला आणि म्हटलं, "काटा रुतलाय."

"दिसत तर नाय," आबा म्हणाले.

"आत गेला असेल. येईल बाहेर."

काटा बाहेर आला नाही, कारण तो आत गेलाच नव्हता. पण हंगामाचे दिवस होते. काटा हे निदान मला सोयीचं होतं.

आमच्याकडे यमुना नावाची बाई मूर्ती घासायला, म्हणजे पॉलिश पेपर मारायला येते. डोंगराखालच्या वाडीवरची. तिनं एकदा जेवणाच्या सुट्टीत टायगरचा पाय मांडीवर घेतला, गुडघ्याच्या वर एक हात, खाली एक हात ठेवला आणि हळूच हलवून बघितला.

"वहिनी, काटा नाय हाय. गुडघा सरकतोय त्याचा. खालचं हाड फुडं येतंय. आमच्या बकरीचं असंच झालतं."

"मग बकरीचं काय केलंस?"

"बकरीचं काय करतात, वहिनी?"

यावर आबांनी टायगरला जवळ ओढून घेतलं. मी विषय बदलला.

आता जे सांगते ते आम्हा पेणकरांशिवाय कुणाच्या हातून झालं नसतं. टायगर पूर्वी चारचौघा कुत्र्यांसारखा बसायचा. त्या पंधरवड्यात तो वेगळा बसायला लागला. डावा पाय नीट दुमडलेला, उजवा पाय बाजूला पसरलेला, छाती पुढे, मान ताठ. दुसऱ्या गावात लोक म्हणाले असते, कुत्र्याला काहीतरी झालंय. आमच्याकडे त्याच बैठकीच्या पाचशे मूर्ती चारही बाजूंना वाळत होत्या. रंगारी काम सोडून बघायला आले. एक म्हणाला, "वहिनी, पुण्यवान जीव हाय." दुसऱ्यानं त्याला जास्वंद वाहिली. (ती त्यानं खाल्ली.) शेजारच्या कारखान्यातली माणसं येऊन फोटो काढून गेली. मीही कौतुकानं बघत होते, हे कबूल केलं पाहिजे. दुखतं म्हणून तो पाय पसरून बसतोय, हे एवढ्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. यमुना तेवढी लांबून बघायची आणि पेपर मारत राहायची.

मग टायगरनं पाय टेकणंच सोडलं. सहा वाजता धोतर ओढणारं कुणी उरलं नाही. आबा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायला लागले.

"आबा, तुम्ही जाऊन या घाटापर्यंत."

"एकटा? आणि मग माझा गुडघा पण दुखतोय."

"कधीपासून?"

"त्याचा दुखतोय तेव्हापासून गो."

आठ दिवसांत आबांच्या पावलांना सूज आली. चप्पल चढेना. हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी वाढवतो, पण चालणं बंद ठेवलंत तर त्यांना पुन्हा माझ्याकडे दाखवायला आणावं लागेल. त्यांना ते नको होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मलाही नको होतं. आबांना चालतं करायचं तर आधी कुत्र्याला चालतं करायचं होतं, एवढं सरळ गणित. आणि मोडलेला गुडघा म्हटल्यावर माझे हात शिवशिवले.

रविवारी दुपारी मी टायगरला पाटावर बसवलं. आबांनी समोरून बिस्किटं द्यायची, यमुनेनं मागून धरायचं.

"वहिनी, नको," यमुना म्हणाली. "तो मातीचा नाय."

"हाड मोडल्यावर माणसालाही प्लास्टरच घालतात."

"मोडलंय कुठं? ढिला झालाय."

मी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या, कापूस गुंडाळला (घट्ट होताना प्लास्टर तापतं, एवढी अक्कल होती), वर काथ्या, वर प्लास्टर. मांडीपासून बोटांपर्यंत. मूर्तीची बोटं सगळ्यात आधी तुटतात, म्हणून बोटंही झाकली. कडा बोटानं गुळगुळीत केल्या. काम सुरेख झालं होतं. वाळू दिलं.

त्यात एक चूक राहिली. ओघळलेलं प्लास्टर खाली पाटावर जमलं आणि पायाबरोबर तेही घट्ट झालं. हे मला कळलं तेव्हा दिनकर दारात टेम्पो घेऊन आला होता आणि त्यानं हॉर्न वाजवला. टायगरला जगात दोन गोष्टी फार आवडतात, आबा आणि टेम्पो. तो उठला. पाटासकट उठला. यमुना एका बाजूला, बिस्किटांचा पुडा एका बाजूला, आणि टायगर पाट फरफटत दाराकडे. मधल्या वाटेवर उंदीर वाळत होते. गणपतीच्या पायाशी ठेवायचे उंदीर आम्ही वेगळे काढतो आणि जमिनीवर रांगेनं मांडतो. पाट त्या रांगेवरून गेला. बावीस उंदीर! टायगरच्या आयुष्यातली ती एकुलती एक शिकार.

दिनकर दारात उभा राहून बघत होता. तो मोजकं बोलतो.

"गणपती किती?"

"एकही नाही. नुसते उंदीर."

"पाट कुणाचा?"

"देवघरातला."

करवत आणून त्यानं पाट सोडवला. मग कुत्र्याच्या पायाकडे वाकून बघत म्हणाला, "कडा छान घेतल्यास." आणि आखणीला बसला.

चार दिवस तसेच गेले. टायगर तीन पायांवर चालायचा आणि चौथा खांबासारखा मागून यायचा. पाचव्या दिवशी तो खायला उठेना. प्लास्टरच्या वरच्या कडेला घासून त्याची कातडी लाल झाली होती. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि रोह्याच्या आमच्या एका गिऱ्हाइकाला फोन केला. त्यांच्याकडे कुत्री आहेत. ते म्हणाले, आमच्या गावात जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, एक्स-रेचं मशीन आहे, घेऊन या.

दुसऱ्या दिवशी रोह्याचे गणपती जाणारच होते. दिनकर आणि आबा पुढे बसले. मागे पेंढ्यात एका बाजूला कापडानं झाकलेल्या मूर्ती, एका बाजूला टायगर आणि मी. पाऊस आत येत होता, म्हणून टायगरलाही मी त्यातलंच एक स्वच्छ कापड घातलं. वडखळला वाहनं अडकली. टेम्पो उभा राहिला. दोघा मोटारसायकलवाल्यांनी हेल्मेट काढून नमस्कार केला. मूर्तींना केला असं मी धरून चालले. मग पांढऱ्या कांद्याच्या माळा विकणारी एक म्हातारी बाई टेम्पोच्या फळीशी आली. कापडाखालून एक गुळगुळीत पांढरं पाऊल बाहेर आलेलं होतं. तिनं त्याला हात लावला आणि हात कपाळाला लावला. मग थांबली. पुन्हा हात लावून बघितला.

"गरम हाय गो," ती म्हणाली.

"ताजं काम आहे," मी म्हटलं.

ती पटल्यासारखी मान हलवून गेली. तेवढ्यात कापडाखालून शिंक आली आणि मोटारसायकलवाल्यांनी परत नमस्कार केला. पुढचं कासू गाव येईपर्यंत मी मनातल्या मनात खऱ्या गणपतींची माफी मागत होते.

डॉक्टरीणबाई तिशीच्या, आखूड केसांच्या, मोठ्या आवाजाच्या. वडलांच्या घराच्या पडवीत दवाखाना. एका कोपऱ्यात वालाची पोती, एका कोपऱ्यात एक्स-रेचं मशीन. त्यांनी प्लास्टरवर बोट वाजवलं.

"हे कुठल्या डॉक्टरांनी घातलं?"

"पेणच्या," दिनकर म्हणाला.

"नाव काय?"

दिनकरनं माझ्याकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. टायगरनंही बघितलं.

"मी घातलं," मी म्हटलं.

बाईंनी पुन्हा एकदा बोट वाजवलं. "फिनिशिंग उत्तम आहे. बाकी सगळं चुकलंय. बोटं कधी झाकायची नसतात. आणि या दुखण्याला प्लास्टर नसतंच."

त्यांनी ते कापून काढलं, लाल झालेल्या जागेला मलम लावलं, आणि मग अगदी यमुनेसारखा, वर एक हात खाली एक हात ठेवून गुडघा हलवला. खालचं हाड पुढे सरकलेलं मला डोळ्यांनी दिसलं.

"सांध्याच्या आतली दोरी तुटलीय," त्या म्हणाल्या. "मांडीचं आणि नळीचं हाड धरून ठेवणारी."

इथे आमच्या घरातलं तीन आठवड्यांचं भांडण बाहेर आलं. मी म्हटलं, यांनी त्याला टेम्पोतून उडी मारू दिली. दिनकर म्हणाला, हिनं कारखान्यात गुळगुळीत फरशी घातली. आबा म्हणाले, घाटाच्या पायऱ्या मीच त्याला उतरायला लावल्या. ते हे इतक्या हळू म्हणाले की आमचं भांडण तिथेच थांबलं.

"कुणाचंच नाही," बाई म्हणाल्या आणि एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे नळीचं हाड. याचा वरचा माथा बघा. या माथ्यावर मांडीचं हाड बसतं. तो थोडा मागे उतरता असतो, सगळ्याच कुत्र्यांचा. याचा फार उतरता आहे. जन्मापासून. पाय टेकला की वरचं हाड त्या उतारावरून मागे घसरायला बघतं आणि ती दोरी त्याला धरून ठेवते. प्रत्येक पावलाला. वर्षानुवर्षं धरून ती झिजली. शेवटचं निमित्त काहीही असेल."

दिनकर उठून एक्स-रेजवळ गेला. जन्मभर त्यानं डोळे आखलेत. रेघ बघितली की त्याचं बोट आपोआप तिच्यावरून फिरतं.

"म्हणजे बैठकच कललीय," तो म्हणाला.

"काय?"

"मूर्ती बसते ती बैठक. ती मागे कलली असेल, तर वरची मूर्ती कितीही चांगली जोडा, घसरणारच. सुनंदा, आपण अशा मूर्तीचं काय करतो?"

"बैठक घासून सपाट करतो," मी म्हटलं. माझा आवाज जरा बारीक झाला होता. वीस वर्षं मी हेच करत आले होते. वरचा सांधा पुन्हा पुन्हा जोडण्यात अर्थ नसतो, आधी खालची पातळी बघायची, हे मी नव्या पोरींना शिकवते.

"हेच ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या. "मुंबईला करतात. हाडाचा माथा गोल कापायचा, फिरवायचा, सपाट बसवायचा, आणि पट्टी लावून स्क्रू मारायचे. मग दोरी नसली तरी चालतं, कारण घसरायला उतारच राहत नाही."

"तो चालेल?" आबांनी विचारलं. आल्यापासून त्यांचा हा पहिलाच प्रश्न होता.

"हाड भरलं की चालेल. दिवाळीपर्यंत धीर धरावा लागेल. पण आता थांबू नका. थांबलात तर आतली गादीही जाईल, आणि सगळा भार पडून दुसरा गुडघाही पुष्कळदा जातो. आणि वजन." त्यांनी टायगरच्या पाठीवरून हात फिरवला. "हाडाचा दोष कुणाचा नाही. हे मात्र तुमचं आहे."

गणपतीला वीस दिवस राहिलेले असताना पेणचा मूर्तिकार कारखाना सोडून मुंबईला जात नाही. घरात मयत झालं तरी तो आधी हातातला डोळा पुरा करतो. मी दिनकरकडे बघितलं. तो आबांच्या सुजलेल्या पावलांकडे बघत होता.

"मंगळवारी जाऊ," तो म्हणाला. "आखणी रात्रीची करीन."

ऑपरेशन नीट झालं. आमचा हंगामही कसाबसा पार पडला. (त्या वर्षी बावीस गणपतींचे उंदीर बाकीच्यांपेक्षा ताजे होते, एवढाच फरक.) टायगरसाठी मी पॅकिंगच्या फळ्यांचा पिंजरा केला, खाली चटया घातल्या. कारखान्याच्या दारावर पाटी लावली: कुत्र्याला काहीही देऊ नये. दहाही माणसांनी ती वाचून मान डोलावली. प्रत्येकाला वाटलं, पाटी इतर नऊ जणांसाठी आहे.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला होता. पहिला आठवडा आराम. मग दिवसातून तीनदा पाच मिनिटं, दोरी धरून, सपाट जमिनीवर, सावकाश. मग सात मिनिटं, मग दहा. पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत, वजन कमी. तो कागद आबांनी ताब्यात घेतला. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास ज्यांनी कानाआड केला होता, ते आबा आता हातात घड्याळ धरून अंगणात टायगरबरोबर पाच मिनिटं चालायचे. साडेचार नाही, साडेपाच नाही. मी एकदा म्हटलं, "आबा, तुमचा गुडघा?"

"कुठचा गुडघा?"

तिसऱ्या आठवड्यात त्यांना चप्पल चढली. मी चप्पल पुसून दाराशी ठेवली.

यमुनेला मी सगळं सांगितलं. बैठक, उतार, दोरी. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं तेच ना, वहिनी?"

"तेच."

"मग रोह्याला कशाला गेलात?"

दिवाळी झाली. एक्स-रेत हाड भरलेलं दिसलं. एका सकाळी सहाला मला पडवीत ओढाताण ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर टायगरच्या तोंडात धोतराचा सोगा आणि आबांच्या तोंडावर असं हसू, की मी परत आत वळणार होते. पण बाईंनी सांगितलं होतं, पहिल्यांदा लांब नेताना दोरी घट्ट हातात हवी. आबांच्या हातात तेवढा जोर नाही. दिनकर झोपलेला. मी दोरी घेतली.

चारही पायांवर टायगर चालला. एकदाही लंगडला नाही. आबा त्याच्या बरोबरीनं. मी मागून. बाजारपेठ ओलांडेपर्यंत मला कळलं, की आमच्यात सगळ्यात मागे मीच आहे आणि दोरी मी धरलेली नसून दोरीनं मला धरलंय.

घाटावर टायगर थांबला आणि बसला. दोन्ही गुडघे सारखे दुमडून, शेपूट मागे, अगदी कुठल्याही गावातल्या कुठल्याही कुत्र्यासारखा. आमच्या रंगाऱ्यांनी बघितलं असतं तर हळहळले असते. आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि वारा आहे म्हणाले. वारा नव्हता.

मला जरा टेकायचं होतं. मी वरच्या पायरीवर बसले. आबा वळले आणि माझ्याकडे बघायला लागले. टायगरही बघायला लागला.

"सुनंदा," आबा म्हणाले, "तू कशी बसलीस बघ गो."

मी खाली बघितलं. डावा पाय नीट दुमडलेला. उजवा बाजूला पसरलेला. छाती पुढे, मान ताठ.

"काय झालंय पायाला?" आबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काटा रुतलाय."